वडिलांच्या छातीतला कफ सुटत नाही: घरातले कोणते उपाय करावेत, कोणते टाळावेत?

अंत्रुजकरीण (फोंडा तालुका)

नमस्कार. चवथीच्या गडबडीत आमच्या घरात सर्दी शिरली आणि एकेकाला गाठत गेली. बाकी सगळे सावरले, परंतु माझ्या वडिलांच्या छातीतला कफ आठवडा उलटून गेला तरी सुटत नाही. वय सत्तरीच्या आसपास असून रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या नियमित चालू आहेत. ताप आता नाही. डॉक्टरांनी छाती तपासून न्यूमोनिया नसल्याचे सांगितले, विषाणूची सर्दी आहे म्हणून प्रतिजैविक दिले नाही, आणि खोकला पूर्ण जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात असेही बजावले. ते पटते, पण दिवसभर खाकरणे आणि छातीतली घरघर ऐकवत नाही.

घरात सल्ल्यांची रास पडली आहे. आई ज्येष्ठमधाचा काढा करायचा म्हणते, काकी सितोपलादि चूर्ण मधातून चाटवायला सांगतात, शेजारचे एक गृहस्थ काजूच्या फेणीचा चमचा गरम पाण्यातून द्या म्हणतात आणि वाफारा तर प्रत्येकजण सुचवतो. त्यात घरात दहा महिन्यांचे बाळ आहे. त्याचेही नाक चोंदलेले आहे आणि जे आजोबांना तेच थोडे थोडे नातवालाही द्यावे असा सूर निघतो आहे. यापैकी उपयोगाचे काय, निरुपद्रवी काय आणि रक्तदाबाच्या माणसाला किंवा तान्ह्या मुलाला देऊच नये असे काय, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे ही विनंती.

साखळीची आजी

ताई, सर्वांत आधी एक पाहा. कफ नेमका कुठे आहे? नाकातून घशाच्या मागे उतरणारा शेंबूड माणूस दिवसभर खाकरून काढतो आणि घरच्यांना वाटते छाती भरली आहे. घसा खवखवत असेल तर गुळण्यांनी बरे वाटते, नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याने, आणि छातीतला घट्ट बेडका असेल तर पोटात जाणाऱ्या उबदार पातळ पदार्थांनी. एकच काढा तिन्ही ठिकाणी लागू पडेल असे धरून चालले की चार दिवस फुकट जातात.

गुळण्यांसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ पुरे. पाणी हाताला सोसेल इतपतच ऊन असावे, मान मागे टाकून घशात खळखळवावे आणि थुंकून टाकावे. तुमच्या वडिलांना रक्तदाब आहे, तेव्हा ते पाणी गिळले जाणार नाही एवढे सांगून ठेवा. जपानमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नुसत्या साध्या पाण्याने नियमित गुळण्या करणाऱ्यांना सर्दी कमी झाल्याचे आढळले होते, आणि आयोडीनच्या औषधी गुळण्यांनी त्याहून अधिक काही साधले नव्हते. म्हणून गुळण्यांच्या पाण्यात हळद, तुरटी, लवंग असे काहीबाही घालण्याचा माझा आग्रह नसतो.

पोटात देण्यासाठी आपल्याकडच्या उकड्या तांदळाच्या पेजेसारखे दुसरे काही नाही. ती पातळ, ऊन ऊन आणि थोडी थोडी करून दिवसातून तीन-चारदा द्यावी. सोबत पापड-लोणचे मात्र नको, कारण तिथे मीठ शिरते. कुळथाचे कळणही चांगले. कुळीथ शिजवून त्याचे पाणी गाळून घ्यावे, त्यात दोन मिरी ठेचून टाकावीत, लसणीची फोडणी द्यावी आणि वाफाळते असतानाच प्यावे. मिरीच्या तिखटपणाने नाक वाहू लागते आणि कोंदलेले डोके हलके वाटते. कार्डिफ येथील संशोधकांनी 2008 मध्ये फळांचे गरम पेय आणि तेच पेय खोलीच्या तापमानाला असताना देऊन तुलना केली होती. नाकातून जाणाऱ्या हवेच्या मोजमापात फरक पडला नाही, परंतु खोकला, शिंका, घसा, थंडी आणि थकवा यांत गरम पेय घेणाऱ्यांना लगेच आराम वाटला. आमच्या आयांनी मोजमाप न करता हेच केले होते.

परसात पानओव्याचे झाड असेल तर दोन-तीन पाने धुऊन, वाटून, पाण्यात उकळून तो अर्क द्यायला हरकत नाही. गवती चहा आणि आले यांचा साधा काढाही चालतो. आपल्या घराघरांत होणारे कषाय म्हणजे धणे, जिरे, बडीशेप, मिरी भाजून केलेली पूड पाण्यात उकळून वर दूध. तेही द्या, पण माडाचा गूळ घालू नका, कारण मधुमेह आहे. दुधाने कफ वाढतो ही समजूत फार रुजलेली आहे. दुधामुळे लाळ घट्ट होऊन घशात चिकट वाटते, पण छातीतला कफ त्याने वाढत नाही. त्यामुळे हळदीचे दूध आवडत असेल तर ते बिनसाखरेचे खुशाल घ्यावे. मात्र हळदीतील गुणकारी अंश शरीरात फार थोडा शोषला जातो, म्हणून त्याला औषध न समजता झोपण्यापूर्वीचे सुखद पेय समजावे.

औषधांच्या दुकानातून (म्हापसा)

आजींनी स्वयंपाकघर नीट सांगितले. मी दुकानाच्या बाजूने लिहितो, कारण पावसाळ्यात आणि चवथीनंतर आमच्याकडे हीच रांग लागते.

ज्येष्ठमध आपल्या वडिलांना देऊ नये, हे मी आधीच ठामपणे सांगतो. त्यात ग्लिसिरायझिन नावाचे द्रव्य असते. ते शरीरात मीठ आणि पाणी साठवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर पोटॅशियम दोन्ही बाजूंनी घटते, आणि सत्तरीच्या हृदयाला ते झेपेलच असे नाही. घसा बसला असता निरोगी तरुणाने एखाद-दुसऱ्या दिवशी कांडी चघळणे निराळे आणि रक्तदाबाच्या रुग्णाने रोज दोन वेळा काढा घेणे निराळे. बाजारातील कितीतरी आयुर्वेदिक खोकल्याच्या पाकांतही (सिरपमध्येही) ज्येष्ठमध असते, तेव्हा बाटलीवरील घटकांची यादी वाचून घ्यावी.

सितोपलादि चूर्णाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. त्याच्या पारंपरिक पाठात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 आणि दालचिनी 1 असे प्रमाण असते. म्हणजे 31 भागांपैकी 16 भाग साखर. नावातच असलेली सितोपला म्हणजे खडीसाखर. ते मधातून चाटवले की मधुमेही माणसाला साखर दोन्हीकडून मिळते. एका लहान चमचा मधातही सुमारे सहा ग्रॅम साखर असते. तरी मध हा खोकल्यावरचा खरोखर उपयोगी उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये मुलांच्या खोकल्यासाठी घसा शमवणारा घरगुती उपाय म्हणून त्याचा उल्लेख केला आणि ब्रिटनच्या 2019 च्या मार्गदर्शनातही तीव्र खोकल्यासाठी तो सुचवलेला आहे. वडिलांची साखर आटोक्यात असेल तर रात्री झोपताना एक चमचा मध, तोही दिवसभराच्या गोडाच्या हिशेबात धरून, घेता येईल. साखर वर-खाली होत असेल तर मध सोडून द्यावा, कोमट पाण्याच्या घोटांनीही उबळ शमते.

आता अडुळसा. परसात असेल तर लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि त्याचेच शरीरात होणारे रूप म्हणजे अॅम्ब्रोक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या पुष्कळ पाकांत यांपैकी एक असते. पण पानांच्या काढ्यात द्रव्याचे प्रमाण झाडागणिक आणि उकळण्यागणिक बदलते, म्हणून मी काढ्यापेक्षा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मोजक्या मात्रेला पसंती देतो. गर्भवती स्त्रीने अडुळसा घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते.

दुकानात येऊन चिठ्ठीशिवाय 'सर्दी-खोकल्याची चांगली बाटली' मागणाऱ्यांना माझे एकच सांगणे असते. नाक मोकळे करणाऱ्या फेनिलएफ्रिनसारख्या औषधांनी रक्तदाब वाढतो. गुंगी आणणाऱ्या अॅलर्जीच्या औषधांनी कफ सुकून अधिक चिकटतो आणि वयस्क पुरुषांना लघवी अडण्याचा त्रास होतो. खोकला दाबणारे औषध कफ असताना दिले तर जो बाहेर यायचा तो आतच राहतो. चोंदलेले नाक मोकळे करणारे औषधी थेंबही तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की नाक उलट अधिक चोंदते आणि थेंबांची सवय लागते.

तेरेखोलच्या काठावरून

आजी आणि दुकानदार बाब यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु पेडण्याकडे आम्ही पिढ्यान् पिढ्या दोन गोष्टी करत आलो आहोत, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे वाफारा आणि दुसरी म्हणजे ओव्याची पुरचुंडी. तव्यावर ओवा भाजून सुती फडक्यात बांधावा आणि छातीपाठीला शेक द्यावा. ओव्यात थायमॉल असते, त्याच्या वासाने डोके मोकळे होते आणि शेकाने छातीचे दुखणे हलके होते. वाफाऱ्याचे पाणी चांगले खळखळ उकळलेले घ्यावे, नाहीतर वाफ छातीपर्यंत पोहोचत नाही. फेणीविषयी म्हणाल तर चमचाभर फेणीने कोणाचे काही बिघडल्याचे मी ऐकलेले नाही.

माजी परिचारिका (तिसवाडी)

तेरेखोलकरांचा ओव्याचा शेक मला मान्य आहे. फक्त पुरचुंडी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. मधुमेह असलेल्या माणसाच्या त्वचेची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजल्याचे त्याला उशिरा कळते.

खळखळ उकळत्या पाण्याचा वाफारा मात्र मुळीच घेऊ नये. वाफ फुप्फुसाच्या खोल नळ्यांपर्यंत उकळता चटका घेऊन पोहोचतच नाही, ती नाक-घशातच निवते. वाफाऱ्याने सर्दी लवकर बरी होते असे चाचण्यांतून खात्रीने दिसलेले नाही, थोडा वेळ बरे वाटते हे मात्र खरे. त्या थोड्या वेळाच्या सुखासाठी पातेले मांडीवर लवंडून भाजलेली माणसे आणि मुले मी कक्षात पाहिलेली आहेत. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत लोक दिवसातून पाच-सहा वेळा वाफारा घेत होते, तेव्हा तर अशा जखमांकडे बघवत नव्हते. वडिलांना घ्यायचाच असेल तर पाणी उकळून विस्तवावरून उतरवावे, दोन-तीन मिनिटे निवू द्यावे, रुंद बुडाचे पातेले टेबलावर भिंतीच्या बाजूला ठेवावे आणि पाच मिनिटांत आटोपावे. पाण्यात मलम टाकू नये, डोळे चुरचुरतात. बाळ त्या खोलीतच नसावे. मोरीत गरम पाणी सोडून दार लावून बसले तरी तेवढाच उपयोग होतो आणि धोका कमी असतो.

आता छातीतला कफ बाहेर काढण्याची जी रीत रुग्णालयात शिकवतात, ती घरी कोणीच करत नाही याचे मला नेहमी नवल वाटते. बाबांना खुर्चीत पाठ ताठ आणि पाय जमिनीला टेकवून बसवावे. आधी पोट फुगेल असे तीन-चार संथ श्वास घ्यावेत. मग मध्यम खोल श्वास घेऊन दोन-तीन सेकंद रोखावा, आणि तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरताना करतो तसा 'हाऽऽ' आवाज करत श्वास जोराने पण घसा न आवळता बाहेर टाकावा. असे दोनदा करून पुन्हा संथ श्वासांवर यावे. कफ वर सरकल्याची जाणीव झाली की एकदाच नीट खोकून तो कागदात किंवा झाकणाच्या भांड्यात काढावा. सततच्या कोरड्या ढासेने घसा सोलवटतो आणि कफ जागचा हलत नाही. या रीतीने तो टप्प्याटप्प्याने वर येतो. पेज किंवा कोमट पाणी पिऊन झाल्यावर अर्ध्या तासाने हे करावे, पोट गच्च भरलेले असताना करू नये. चक्कर आल्यास थांबावे. पाणी भरपूर प्यावे असे सगळेच सांगतात, पण हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर किती प्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

फेणीबाबत दुमत नको. भौगोलिक मानांकन 2009 मध्ये मिळाले म्हणून ती औषध ठरत नाही. तीत चाळीस टक्क्यांहून अधिक मद्यार्क असतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर मद्यार्काने साखर एकाएकी खाली जाऊ शकते, आणि गुंगीच्या औषधाबरोबर तो श्वास मंदावतो. बाळाला तर चमचा काय, छातीला चोळायलाही वापरू नये.

बाळाविषयी सविस्तर लिहिते, कारण खरी काळजी तिथे आहे. एक वर्षाच्या आत मध कोणत्याही रूपात नको, चाटण म्हणून नको आणि बोटावर लावूनही नको. मधात क्वचित असणारे जिवाणूंचे बीजाणू आतड्यात रुजून अर्भकाचे स्नायू लुळे पाडणारा बॉट्युलिझम होऊ शकतो, आणि हे बीजाणू मध गरम केल्याने मरत नाहीत. कापूर घातलेले खोबरेल तेल आणि कापूरयुक्त मलमे दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत, नाकपुडीत तर कधीच नाही. कापराने लहान मुलांना झटके येतात. बाळाच्या नाकात दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे निर्जंतुक थेंब प्रत्येक नाकपुडीत एक-दोन टाकावेत, मिनिटभराने नाक पुसून घ्यावे आणि मगच दूध पाजावे. थोडे थोडे पण वारंवार पाजावे. खोकल्याची बाटली बाळाला देऊ नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन या सर्दीच्या औषधांच्या ठरावीक मिश्रणावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायला सांगितला. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या पाकाने बालके दगावल्यावर, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असा सल्ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दिला.

दहा महिन्यांच्या बाळाचा श्वास शांत असताना मिनिटभर पूर्ण मोजावा. पन्नास किंवा त्याहून अधिक वेळा छाती वरखाली होत असेल, फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा बाळ दूध घेईनासे झाले तर काढा-शेक करत बसू नये. 108 ला फोन करावा.

अंत्रुजकरीण (फोंडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. ज्येष्ठमध आणि फेणी दोन्ही बाजूला ठेवली आहेत, आईला चूर्णातल्या साखरेचे गणित सांगितल्यावर तिने विरोधही केला नाही. दोन शंका उरतात. वडिलांचा बेडका सकाळी पिवळसर-हिरवट पडतो, त्यावर नातेवाईक प्रतिजैविक मागून घ्या म्हणतात. दुसरे असे की पाठीवर आडवे झाले की खोकल्याची उबळ वाढते, बसल्यावर ती कमी होते. नाक धुण्यासाठी आमच्या बांयचे (विहिरीचे) पाणी चालेल का, हेही कळवावे.

माजी परिचारिका (तिसवाडी)

कफाचा पिवळा-हिरवा रंग पांढऱ्या पेशींतील द्रव्यामुळे येतो आणि विषाणूच्या सर्दीतही तसाच येतो. रात्रभर साचलेला असल्याने सकाळी तो गडद दिसतो. एवढ्यावरून प्रतिजैविक मागू नये. त्याऐवजी पुन्हा ताप चढतो का, श्वास लागतो का, छातीत कळ येते का, कफात रक्त दिसते का, याकडे लक्ष द्यावे. बोटाला लावायचे यंत्र असल्यास प्राणवायू 94 च्या खाली जातो का तेही पाहावे. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वयस्क माणूस एकाएकी गोंधळल्यासारखा बोलू लागला तर तेही गंभीर लक्षण समजावे.

आडवे झाल्यावर वाढणारा खोकला पुष्कळदा घशात उतरणाऱ्या शेंबडामुळे किंवा पोटातील आम्ल वर आल्यामुळे असतो. डोके-खांदे उंच राहतील अशा दोन उशा द्याव्यात आणि रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी उरकावे. मात्र पायांवर सूज असेल, किंवा उताणे झोपताच दम लागून उठून बसावे लागत असेल, तर तो हृदयाचा त्रास असू शकतो. तो उशांनी जाणार नाही.

बांयचे पाणी नाकात कच्चे घालू नये. गोड्या पाण्यात असणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. केरळमध्ये 2024 आणि 2025 मध्ये अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. तेच पाणी पोटात गेल्याने हा रोग होत नाही, नाकात गेल्याने होतो. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळावे, झाकून निववावे आणि मगच मीठ घालून वापरावे.

औषधांच्या दुकानातून (म्हापसा)

एक राहिले होते. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव 'प्रिल'ने संपत असेल, जसे एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल, तर त्या गोळीनेच कोरडी ढास लागू शकते, आणि ती कोणत्याही काढ्याने जात नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर बदलून देतात.

साखळीची आजी

घरातला धूरही पाहा, ताई. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कांडी, संध्याकाळची धुरी आणि चुलीजवळचे बसणे, यांनी बरा होत आलेला खोकला पुन्हा उसळतो. डासांसाठी मच्छरदाणी बांधा. पावसात खोलीतच वाळत घातलेले कपडे आणि भिंतीला चढलेली काळी बुरशी हेही आपल्याकडचे जुने दुखणे आहे. बाबांचा पलंग ओल्या भिंतीपासून हलवा आणि ऊन पडले की खिडक्या सताड उघडा. आमच्यासारख्या खाणपट्ट्याच्या गावांत दुपारची धूळ वेगळी, तिथे मात्र त्या वेळी खिडक्या लावलेल्याच बऱ्या.

माजी परिचारिका (तिसवाडी)

खोकल्याला दोन आठवडे पूर्ण झाले आणि तो ओसरत नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगासाठीची ही तपासणी आणि पुढचे उपचार तेथे विनामूल्य असतात. मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका अधिक असतो, म्हणून त्यात लाज किंवा आळस नको. नमुना सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्याने चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला असावा. तोंडातली लाळ चालत नाही. वर सांगितलेली श्वासाची रीत तिथेही कामी येते. डबी केंद्रातूनच आदल्या दिवशी आणून ठेवावी.